आज कुणी हसायचं नाही

“आता इथून पुढं कुणी हसायचं नाही,” अक्का म्हणाल्या. ‘कुणी’ म्हणताना त्यांनी पाहिलं मात्र फक्त माझ्याकडे.

मी मान डोलावली आणि खबरदारी म्हणून पदराचा बोळा तोंडात धरला. वातीच्या स्टोव्हवर कढईत तूप तापत होतं. अक्का पाटावर बसल्या होत्या. एका हाताला पिठाचा डबा, दुसऱ्या हाताला खसखशीची ताटली. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, चाळणी घेऊन तयार होत्या. नणंद विजूताई विळीवर वांगी चिरत होती. सगळ्यांचे चेहरे परीक्षेला बसल्यासारखे झाले होते, आणि एवढे गंभीर चेहरे एकदम पाहिले की मला हसू यायला लागतं.

ज्यांनी अनारसे केलेत त्यांना वेगळं सांगायला नको. अनारसा तुपात सोडला आणि अंगभर जाळी पडून अख्खा वर आला, तर करणारीला आभाळ ठेंगणं होतं. पिठात काही कमीजास्त झालं असेल तर मात्र तो कढईत पसरतो, फुटतो, तुपात विरून जातो. त्याला ‘अनारसा हसला’ म्हणतात. यावर अक्कांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. कढईजवळ माणूस हसलं की अनारसा हसतो. त्यांच्या आईनं त्यांना सांगितलं होतं, आईला तिच्या आत्यानं सांगितलं होतं, आणि त्यापलीकडे विचारायची कुणाची छाती नव्हती.

अक्का मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, थोरल्या बहीण. कराडात खटावकरांचं शिवणकामाचं दुकान पुढच्या खोलीत, मागे आमचं घर, आणि दुकानापासून न्हाणीपर्यंत राज्य अक्कांचं. त्यांना हसताना घरात कुणीही पाहिलेलं नव्हतं. आणि मी ही अशी. मला हसू येतं ते शिंक येते तसं, मला न विचारता. माझ्या लग्नात अंतरपाट धरणाऱ्यांपैकी एकाला जांभई आली, ती पाहून दुसऱ्याला आली, दुसऱ्याची पाहून भटजींना आली, आणि ‘सावधान’ लांबतच गेलं. मी इतकी हसले की मुंडावळ्या सुटून खाली पडल्या. अक्कांनी तेव्हाच मला मनातल्या मनात एका खणात टाकून दिलं होतं.

पण त्या दिवशीची गोष्ट साधी नव्हती. धोंड्याचा महिना होता, वैशाखाचं ऊन होतं, आणि जावई वाणाला यायचे होते. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत. आमचे जावई जयवंतराव इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, म्हणजे कर्ण्यातून गाड्या पुकारणारे. विजूताई संक्रांत झाल्यापासून माहेरी येऊन बसली होती. भांडून नव्हे. भांडण व्हायला समोरचा बोलावा लागतो.

“अख्ख्या तालुक्याला सांगतात, गाडी कुठं लागली ते,” ती म्हणायची. “आणि घरात आले की तोंडाला कुलूप. चांगलं करा, वाईट करा, खाली मान घालून जेवतात आणि उठतात. मी कुणासाठी रांधते, तेच मला कळंना झालंय.”

शेवटी एक दिवस तिनं बटाट्याची भाजी मुद्दाम बिनमिठाची केली. म्हटलं, आता तरी बोलतील. जयवंतरावांनी ती भाजी संपवली, कढई पुसून घेतली, पाणी प्यायले आणि ड्यूटीवर गेले. विजूताईनं पिशवी भरली आणि पायात घरातल्याच सपाता घालून मिळेल त्या गाडीनं कराड गाठलं. त्यांनी नंतर एक पत्र पाठवलं होतं. त्यात ‘इकडे सर्व ठीक’ एवढं एकच वाक्य होतं, त्यामुळे ती आणखीच भडकली.

वरून ती मोठी कडक होती, पण दुपारी इस्लामपूरची गाडी यायच्या वेळेला अंगणात जाऊन दोरीवरचे वाळलेले कपडे उगाच उलटेपालटे करायची. ते मी रोज बघत होते. तिला परत जायचं होतं, फक्त कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

आदल्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, “उद्या जेवताना ते स्वैपाकाबद्दल एक शब्द बोलले, तरी मी त्यांच्याबरोबर जाईन. चांगला बोलू देत, वाईट बोलू देत. नाही बोलले तर इथं दुकानात मशीनवर बसेन आणि जन्मभर काजं करीन. आणि त्यांना आधी कुणी काही सांगायचं नाही. सांगून बोलले, तर मी ते धरणार नाही.”

आत्यांनी डोळ्याला पदर लावला. मामा म्हणाले, “काजं करायला माणूस हवंच आहे,” आणि अक्कांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ते टेप गळ्यात अडकवून दुकानात निघून गेले.

तर एवढं सगळं त्या कढईत होतं. अनारसे असे झाले पाहिजेत की मुक्या माणसाला वाचा फुटावी, असा अक्कांचा हिशेब होता.

अक्कांनी पिठाची गोळी घेतली, खसखशीवर थापली, बोटांनी हळूहळू पसरवली आणि तुपात सोडली. सगळ्यांनी श्वास धरला. आणि तेवढ्यात पुढच्या खोलीतून मामांचा आवाज आला. ते कुणाचं तरी माप घेत होते.

“पोट आत घेऊ नका, गणपतराव. शर्ट रोज घालायचाय. रोज किती वेळ आत घेणार?”

मी पदराचा बोळा घट्ट चावला. काही उपयोग झाला नाही. नाकातून फुर्र झालं आणि त्याच क्षणी कढईतला अनारसा कडेनं सुटला, मग मधून फाटला, आणि बघता बघता तुपात नुसता चुरा तरंगायला लागला.

अक्कांनी झाऱ्यानं चुरा गोळा करून एका पातेलीत टाकला आणि पडवीच्या दिशेनं बोट केलं. मी उठून पडवीत जाऊन बसले.

पडवीत बसून मी मनात वाईट वाईट गोष्टी आठवायला लागले. दाढ काढली तो दिवस, आठवीतले गणिताचे मार्क. आतून तुपाचा चुर्र आवाज आला. मग शांतता. मग अक्कांचा आवाज.

“तिथनं हसतीस होय गं?”

“नाही हो, अक्का.”

“मग हा का हसला?”

प्रश्नच असा होता की मला परत हसू फुटलं. मला दुकानात पाठवलं गेलं.

दुकानात गणपतराव अजून उभेच होते. आता मामा त्यांच्या पँटचं माप घेत होते आणि गणपतराव, आपण पोट आत घेत नाही हे दाखवण्यासाठी, छताकडे बघत होते. मी काजांच्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसले. आतून तिसरा चुर्र आला, आणि तिसऱ्यांदा शांतता पसरली.

या वेळी अक्का स्वतः दारात आल्या. हातात झारा होता. मागे आत्यांचा रडवेला चेहरा.

“अक्का, पिठात कोरडं पीठ मिसळून बघायचं का थोडं?” आत्या हळूच म्हणाल्या.

“पिठात खोट नाही. माप माझं आहे,” अक्का म्हणाल्या. मग मामांना म्हणाल्या, “भाऊ, हिला गावात कुठंतरी लांब पाठव. घराच्या आत ही असली तर आज काही धड व्हायचं नाही.”

“स्टँडवर जा तू,” मामा मला म्हणाले. “सुधाकर कापड आणायला इचलकरंजीला गेलाय, मला हे गणपतराव सोडत नाहीत.” सुधाकर म्हणजे माझे यजमान. “जावई साडेदहाच्या गाडीनं येतील. घेऊन ये. आणि जरा फिरवून आण.”

मी चप्पल घालत होते तेवढ्यात विजूताई मागच्या दारानं आली. तिनं माझा हात धरून मला न्हाणीमागे ओढलं.

“वांग्याची भाजी मी केलीय,” ती कुजबुजली. “त्यांच्या वाटीपुरती मीठ घालायच्या आधी बाजूला काढून ठेवलीय.”

“परत?”

“परत. त्यांना एक शब्द सांगायचा नाहीस. घे शपथ.”

मी शपथ घेतली. “अगं, पण नाही बोलले तर?” मी विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मुडपले. कडक माणसाचं तोंड असं लहान झालेलं मला बघवेना. मी निघाले.

स्टँडवर जयवंतराव गाडीतून उतरले. उंच, सावळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. एका हातात रुमाल आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं एक पुडकं. मला एकटीला बघून त्यांनी भुवया वर केल्या. त्यांच्या हिशेबानं तो प्रश्न असावा.

“अनारसे हसतायत, म्हणून मला घराबाहेर काढलंय,” मी सांगितलं.

त्यांनी विचार केला आणि मान हलवली, जणू असं व्हायचंच.

रस्ताभर मीच बोलत होते. ऊन, गणपतराव, इचलकरंजी, सगळं बोलून झालं. शपथ पोटात टुणटुण उड्या मारत होती, ती बाहेर येऊ नये म्हणून मी आणखी बोलत होते. शेवटी बोलायला काही उरलं नाही तेव्हा विचारून टाकलं.

“भाऊजी, रागावू नका. तुम्ही घरी बोलत का नाही?”

त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. मग म्हणाले, “मी कर्ण्यात सांगतो, कोल्हापूरची गाडी तीन नंबरला लागली आहे. लगेच एक माणूस खिडकीशी येतो आणि विचारतो, कोल्हापूरची गाडी कुठं लागली?”

“मग?”

“मग मी परत सांगतो. मग दुसरा येतो.”

मी रस्त्यातच थांबून हसायला लागले. ते हसले नाहीत, पण मी पुरेशी हसून होईपर्यंत शांतपणे उभे राहिले, गाडी लागेपर्यंत थांबावं तसे. मला हा माणूस एकदम आवडला. आणि म्हणूनच जास्त भीती वाटली, कारण एवढं बोलून त्यांचा त्या दिवसाचा कोटा संपला असणार.

“विजू बरी आहे?” घराच्या कोपऱ्यावर त्यांनी विचारलं.

“तुम्हीच विचारा ना तिला.”

त्यांनी पुडकं या हातातून त्या हातात घेतलं.

दारात आत्या तांब्या घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी जावयाच्या पायावर पाणी घातलं, डोळ्याला पाणी लावलं आणि त्यांच्या हातातलं पुडकं काढून घेतलं.

“पेढे कशाला आणायचे हो एवढे?”

जयवंतराव म्हणाले, “ते…”

“असू द्या, असू द्या,” आत्या म्हणाल्या. “आज वाणाचा दिवस. आधी देवाला दाखवते.”

“नाही, ते…”

“तुमचा संकोची स्वभाव काय आम्हाला ठाऊक नाही का?” असं म्हणत आत्या आत गेल्यासुद्धा. माजघरातल्या देव्हाऱ्यात बाळकृष्णासमोर त्यांनी ते पुडकं ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, वर एक जास्वंद ठेवली. जयवंतराव दारातच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं की मला वाटलं त्यांना ऊन लागलं.

स्वयंपाकघरात तर सुतक होतं. एकही अनारसा धड उतरला नव्हता. मी एवढ्या लांब गेले तरी अनारसे हसतच राहिले होते. पातेलीभर तपकिरी चुरा समोर घेऊन अक्का बसल्या होत्या.

“तेहतीस कसे मोजायचे आता?” आत्यांनी विचारलं.

अक्कांनी डोळे मिटून विचार केला. “तेहतीस चमचे वाढा. देवाला संख्या पाहिजे, आकार नको.”

जयवंतराव आणि मामा माजघरात पाटावर बसले. जयवंतरावांचा पाट बरोबर देव्हाऱ्यासमोर होता. विजूताईनं ताट आणलं. दोघांची नजरानजर झाली, ती आधी खाली बघायला लागली, मग ते. तिनं वांग्याची वाटी त्यांच्या ताटात ठेवली आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. मी दाराच्या चौकटीला टेकून श्वास धरून उभी होते.

जयवंतरावांनी भाकरी मोडली. वांग्याचा पहिला घास घेतला.

जबडा हलत होता, चेहरा हलत नव्हता. दुसरा घास, तिसरा घास. विजूताई वाढायला वाकायची आणि थांबायची, वाकायची आणि थांबायची. तिचं तोंड घासागणिक उतरत चाललं होतं. त्यांनी वाटी पुसून घेतली आणि मग देव्हाऱ्याकडे बघितलं. मध्येच ते घास हातात धरून देव्हाऱ्याकडे बघत बसायचे.

“जावई देवभोळे आहेत हो,” अक्का आत्यांच्या कानात म्हणाल्या. “बाळकृष्णावरनं नजर हटत नाही.”

मग वाण आलं. आत्यांनी निरांजन ओवाळलं आणि चमच्यानं चुरा वाढायला घेतला. मामा मोजत होते.

“सतरा, अठरा, एकोणीस… विजू, गणपतरावांची पँट उद्या द्यायची की परवा गं?”

“मला काय माहीत, बाबा?”

“वीस होता का एकोणीस?”

“वाणाची संख्या चुकून चालायची नाही,” अक्का म्हणाल्या. “पहिल्यापासून घ्या.”

आत्यांनी पहिल्यापासून घेतलं. आधीचा चुरा ताटात होताच. जयवंतरावांनी त्या ढिगाकडे पाहिलं, मग देव्हाऱ्याकडे पाहिलं, आणि खाली मान घालून एका लयीत खायला सुरुवात केली. ढीग कमी होत होता, आत्या वाढत होत्या, मामा मोजत होते, आणि अठ्ठावीसच्या आसपास त्यांना परत शंका आली.

तिथे माझा बांध फुटला. मी चौकटीला धरून अशी हसले की खालीच बसले. पदर तोंडात कोंबला तरी आवाज बाहेर येत होता.

अक्का उठून उभ्या राहिल्या. “बघा. बघा ही. सकाळधरनं हसतीय, म्हणून सगळे अनारसे हसले. जावयापुढं चुरा वाढायची पाळी आणलीस, तरी तुझं आहेच. विजूचा संसार मोडायला आलाय आणि हिला दात काढायला सुचतंय. जा, नीघ, परत स्टँडवर जा.”

माझं हसू जागच्या जागी गोठलं. विजूताईचा संसार हा शब्द मला फार लागला. खरंच माझ्यामुळे झालं असेल का, असं वाटलं आणि त्या घरात पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“अक्का, तिला काही म्हणू नका.”

फडताळातले कप थरथरले. जयवंतरावांना मोठ्यानं बोलायचा एकच आवाज येत होता, कर्ण्यातला. बाहेर रस्त्यानं जाणारी सायकलसुद्धा थांबली असणार.

“तिच्या हसण्याचा काही संबंध नाही,” ते म्हणाले. “गूळ जास्त झालाय.”

आत्यांचा चमचा हवेत होता. विजूताई सरळ उभी राहिली.

“काय म्हणालात?”

खिडकीशी आलेल्या माणसाला सांगावं तसं त्यांनी शांतपणे परत सांगितलं, “गूळ जास्त झालाय.”

“आणि वांगं?”

“वांग्यात मीठ नाही.”

“मग पुसून कशाला खाल्लंत?” विजूताईचा आवाज चिरकला.

जयवंतराव गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. हे विचारण्यासारखं आहे, असंच त्यांना वाटत नव्हतं. “तू मागनं जेवायला बसणार. उरलं तर तुझ्या ताटात येणार. मग तुला कळणार, मीठ विसरलं. मग दिवसभर तुला चुटपुट. म्हणून मी संपवतो. त्या दिवशीच्या बटाट्यातही नव्हतं.”

विजूताईनं हातातली पळी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं, परत पुसलं, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी आणि ती, आम्हा दोघींनाच माहीत होतं त्या वांग्याचं. मला धावत जाऊन तिला मिठी मारावीशी वाटली.

अक्कांना मात्र वेगळंच लागलं होतं. “गूळ जास्त कसा होईल? माप माझं आहे.”

आत्यांनी चमचा खाली ठेवला. “अक्का, मी परवा एक मूठ घातला होता मळताना. म्हटलं, विजूच्या संसारात जरा गोडी येऊ दे.”

विजूताई पाठमोरीच म्हणाली, “मी पण घातला होता. काल. मूठभर.”

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामा पाण्याचा तांब्या तोंडाला लावून फार वेळ पाणी पीत होते. “एक खडा,” ते शेवटी म्हणाले. “मोठा होता. ठेचून घातला.”

“अरे देवा,” अक्का म्हणाल्या आणि पाटावर बसल्या. मग जरा वेळानं, खाली बघत, “माप करून झाल्यावर माझंही मन होईना. गेल्या खेपेला काही बोलले नव्हते ना. म्हणून मीही एक मूठ…”

“अजून एक सांगायचंय,” जयवंतराव म्हणाले.

“बोला, बोला,” आम्ही सगळे एकदम म्हणालो. माणूस आज बोलत होता, कोण अडवणार?

त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट केलं. “त्या पुडक्यात पेढे नाहीत. विजूच्या चपला आहेत. बाहेर जायच्या. ती घरातल्या सपाता घालून आली होती.”

बाळकृष्ण पुडक्याकडे बघत होता. जास्वंद होती, हळदकुंकू होतं. आत्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मामांना ठसका लागला. आणि मी हसले नाही, खरंच सांगते, माझी छातीच झाली नाही.

हसल्या त्या अक्का. आधी एका कडेनं ओठ सुटला, मग दुसऱ्या, मग मधून सगळा चेहरा फुटला, आणि त्या आयुष्यभराचं साठवलेलं हसू आवाज करत बाहेर यायला लागलं. “चपला,” त्या म्हणायच्या आणि पोट धरायच्या. “आणि मी म्हणते, जावई देवभोळे.” मग आत्या सुटल्या, मामा सुटले, विजूताई भिंतीला डोकं टेकून रडत रडत हसायला लागली. आमच्यात एक जयवंतरावच तेवढे गंभीर होते. त्यांना आणखी एक चमचा वाढला गेला होता, तो ते संपवत होते.

दुपारी अक्कांनी सगळे देव काढून दुधानं धुतले. मध्येच थांबायच्या, बाळकृष्ण हातात धरून खुदकन हसायच्या, आणि परत चोळायला लागायच्या.

ऊन उतरल्यावर जयवंतरावांनी पुडकं सोडलं आणि चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडीनं ठेवल्या. ‘चल’ म्हणाले नाहीत. डाव्या चपलेची तुटलेली वादी नवीन दोऱ्यानं शिवलेली होती. टाके वेडेवाकडे होते. मामांनी ते बघितलं, शिंप्याचा जीव तो, पण त्यांनी मान दुसरीकडे फिरवली.

विजूताईची पिशवी भरलेली होती. कधी भरली, कुणास ठाऊक. तिनं चपलेत पाय घातला. वादीला थोडं कुंकू लागलं होतं.

“कुणी शिवली?” तिनं विचारलं.

“मी.”

“बोचतीय.”

“काढ, मी ठीक करतो.”

“नको,” ती म्हणाली. “चालता चालता होईल.”

आम्ही सगळे पायरीवर उभे राहून बघत होतो. ती पुढे, ते एक पाऊल मागे. आमच्या आळीत तेव्हा वाहनं फारशी नसत, त्यामुळे त्यांचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता. म्हणजे आम्हालाच काय, सगळ्या आळीला.

“गेल्या वर्षी पाडव्याचं श्रीखंड आंबट होतं,” जयवंतराव सांगत होते. “दिवाळीच्या चकल्या उत्तम झाल्या होत्या. मेथीची भाजी तू करतेस, ती मला आवडते. भाताला पाणी थोडं कमी घाल.”

“हळू बोला,” विजूताईचा आवाज आला. “लोक बघतायत.”

“कुठली भाजी म्हणालात?” समोरच्या ओट्यावरून सदा पानवाल्यानं ओरडून विचारलं.

जयवंतराव थांबले, वळले आणि त्यांनी परत सांगितलं. “मेथीची.”

ते दोघं कोपऱ्यावर वळले. विजूताईनं पिशवी त्यांच्याकडे दिली होती.

मला हसू आलं. सवयीनं मी पदराचा बोळा तोंडाशी नेला आणि अक्कांकडे बघितलं. त्या अजून कोपऱ्याकडेच बघत होत्या. त्यांनी हात लांब करून माझ्या तोंडावरचा पदर खाली ओढला.

“हास की गं,” त्या म्हणाल्या. “आता काय कढईत आहे?”